कासराभर दिवस

निवृत्त होऊन वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी, केनवडला, राहायला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू ओसरीवर येऊन बसल्या. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, सोयाबीनवर पडलेल्या पिवळ्या मोझॅकचं झालं, आणि मग त्यांनी मनातलं विचारलं, "बाई, तू आजलोक कितीक जणायले फाशी देली वं?"

"एकालेही नाही, काकू."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग इतके वर्षं करत काय व्हती?"

तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. सात वर्षं वकिली, पाच वर्षं सरकारी वकील, पंचवीस वर्षं न्यायाधीश. इतके वर्षं करत काय होते? ऐकत होते, आणि ऐकलेलं कागदावर उतरवत होते. बाकीचं सगळं, म्हणजे कायदा, कलमं, निकाल, शिक्षा, सुटका, हे त्यानंतर येतं. आणि माझ्या हातून जे चुकलं तेही बहुतेक याच जागी चुकलं.

अमेरिकेतल्या माझ्या पुतण्याला माझ्या नोकरीचं फार कौतुक. तो म्हणतो, "आत्या, इकडं असतीस तर तुला फेडरल जज म्हणाले असते." तिकडेही आधी सरकारी पक्षाचा वकील आणि मग न्यायाधीश ही वाट चालू आहे. सोनिया सोटोमायोर १९७९ ते १९८४ न्यूयॉर्कमध्ये सरकार पक्षाच्या सहायक वकील होत्या, १९९२ मध्ये त्या फेडरल न्यायाधीश झाल्या आणि पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथे राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट शिक्कामोर्तब करतं आणि माणूस तहहयात त्या खुर्चीवर बसू शकतो. मला कुणी सुचवलं नव्हतं. मी लोकसेवा आयोगाचे फॉर्म भरले, दोनदा परीक्षा दिल्या आणि साठाव्या वर्षी खुर्ची सोडून घरी आले.

विदर्भातही सरकारी वकील ते न्यायाधीश ही वाट जुनी आहे. हिदायतुल्ला साहेब नागपूरला सरकारी वकील होते, तिथेच न्यायाधीश झाले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश. अमरावतीचे भूषण गवई २००० साली नागपूर खंडपीठात सरकारी वकील आणि सरकारी अभियोक्ता झाले, २००३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसून डोळे पुसले. आमच्या वऱ्हाडातला माणूस, आणि सरकार पक्षाच्या टेबलापासून निघालेला! माझी वाट त्याच डोंगराच्या अगदी पायथ्याची. पण पायथ्याशी जे दिसतं ते वरून दिसत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात कोर्ट माझ्या जन्माआधीपासून होतं. धुऱ्याचा वाद. केनवडच्या काळ्या जमिनीत वीतभर धुरा सरकला तरी दोन भाऊ बोलायचे थांबतात; आमचा तर शेजारी होता. बाबा तारखेला निघाले की माय त्यांच्या धोतराच्या सोग्यात भाकर बांधून द्यायची. संध्याकाळी ते परत आले की आम्ही काही विचारायचं नाही, असा नियम होता. पुढची तारीख पडलेली असायची.

गावात कोर्टाची गोष्ट निघाली की माणसं शिरपूरकडे बोट दाखवायची. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराचा दिगंबर-श्वेतांबर वाद पार लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९२९ मध्ये तिथून निकालही आला आणि तरी भांडण राहिलंच. पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ मंदिर बंद होतं; २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडलं. आपल्याजवळच्या गावातला कागद समुद्रापलीकडे जाऊन आला, हे लहानपणी ऐकलं तेव्हा मला भीती नाही, नवल वाटलं होतं. तो कागद तिथे कोणी वाचला असेल? त्याला आमचं बोलणं कसं कळलं असेल?

बाबा हरले. निकाल इंग्रजीत होता. त्यांनी त्याची नक्कल पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली, कारण वाचणारं कुणी नव्हतं. मी अकोल्याला कायदा शिकत होते तेव्हा एका दिवाळीला ती काढली आणि कंदिलाशी बसून वाचली. धुऱ्यावरच्या कडुनिंबावर सगळं अवलंबून होतं. बाबांनी साक्षीत सांगितलं होतं, "तो निंब माह्या बुढ्यानं लावला." आमच्याकडे बुढा म्हणजे बाप. साहेब दुसऱ्या मुलखातले असावेत. निकालात लिहिलं होतं की वादीच्या म्हणण्यानुसार झाड कुणा एका म्हाताऱ्या माणसाने लावलं, पण त्या म्हाताऱ्याचा वादीशी काय संबंध हे वादीला सिद्ध करता आलं नाही.

मी बाबांना ते समजावून सांगितलं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ वातीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग इचारायचं व्हतं ना मले, कोणाचा बुढा म्हून."

१९८८ मध्ये मी सनद घेतली. पहिली दोन वर्षं पक्षकार मला पाहून माझ्या सीनियरना शोधायचे. बायका मात्र यायच्या. पोटगीच्या, मारहाणीच्या, नांदायला न नेल्याच्या. त्यांच्यामुळे मी ऐकायला शिकले असं म्हणायला हवं, कारण त्या कधीच सुरुवातीपासून सांगत नाहीत. ज्या दिवशी मार खाल्ला त्या दिवशी हरभऱ्याला पाणी देणं चालू होतं, इथून सुरू करतात. आपण घाई केली की त्या ओशाळतात आणि मग विचारलं तेवढंच बोलतात.

१९९५ मध्ये मी सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून रुजू झाले. पगार सरकारचा आणि काम दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात: चोऱ्या, मारामाऱ्या, हातभट्टी, वरली मटका, अपघात, सासरचा छळ. खून आणि दरोडे सत्र न्यायालयात, ते आमच्याकडे नसत. सकाळी पैरवीचा हवालदार त्या दिवसाच्या बोर्डावरची कागदपत्रं बगलेत मारून आणायचा आणि पुकारा होण्याआधी साक्षीदाराशी बोलायला पाचेक मिनिटं मिळायची.

आम्ही नावाला कोर्टाचे अधिकारी होतो, पण खरा वचक पोलीस खात्याचा. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली तेव्हाच सरकारी वकील हा पोलिसांपासून वेगळा असावा असं तत्त्व ठरलं होतं. महाराष्ट्रात ते कागदावर राहिलं. शेवटी इथल्याच अभियोक्त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, आणि मी रुजू झाले त्याच वर्षी, एस. बी. शहाणे यांच्या प्रकरणात, न्यायालयाने राज्याला सांगितलं की यांचा पोलिसांपासून मोकळा असा स्वतंत्र संवर्ग करा. निकाल आला म्हणून लगेच हवा बदलत नाही. ज्यांनी तपास केला त्यांच्याच मर्जीवर तुमचं बरं-वाईट ठरणार असेल, तर तपासातली भोकं तुम्ही कुणाला दाखवणार? हे मी आज सहज लिहिते आहे. तेव्हा हे वाक्य मनातसुद्धा पूर्ण होऊ देत नव्हते.

शब्द कसे सांडतात ते या टेबलाशी बसून पाहिलं. एका मारहाणीच्या खटल्यात फिर्यादी सांगत होता, "तो मले म्हणला, तुले पायून घेतो." धमकी होती, सरळ. इंग्रजी टिपणात ते 'तुझी भेट घेईन' असं उतरलं. मी उठून दुरुस्ती करून घेतली, साहेबांनीही खळखळ न करता लिहून घेतलं. पण त्या दिवशी बोर्डावर चाळीस प्रकरणं होती. मी उठले नसते तर? मागच्या आठवड्यात मी किती वेळा उठले नव्हते?

आता ती गोष्ट सांगते, जी मी बरीच वर्षं कुणालाही सांगितली नाही.

१९९७ ची. विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. आरोपी फासेपारधी समाजातला, विशीतला पोरगा. इंग्रजांनी १८७१ मध्ये अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिवारात काही हरवलं की पोलिसांची गाडी अजूनही आधी पालाकडेच वळते. या पोराला जामीनदार मिळाला नव्हता, सात महिने तो आतच होता. त्याची बायको दर तारखेला कोर्टाच्या आवारातल्या पिंपळाखाली तान्हं घेऊन बसायची.

पुरावा एकच. आरोपीने पोलिसांना निवेदन दिलं की मोटार नाल्यात पुरली आहे, काढून देतो; पंचांसमक्ष त्याने ती काढून दिली. कायद्यात अशा पुराव्याला मोठं वजन असतं. त्या सकाळी मी मुद्देमाल मोजून घेत होते. मोटारीला सुतळीने बांधलेलं लेबल होतं. त्यावर पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल नोंदीचा क्रमांक आणि तारीख. ती तारीख निवेदन पंचनाम्याच्या दोन दिवस आधीची होती.

म्हणजे जी मोटार त्याने नाल्यातून काढून दिली असं आम्ही म्हणत होतो, ती दोन दिवस आधीच ठाण्यात होती.

मी पैरवीच्या हवालदाराला दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, नजरचूक असंन." मी लेबल उलटं करून ठेवलं. हातानेच, मला आठवतं. आरोपीचा वकील नवखा होता, विधी सेवेतून नेमलेला. त्याने मुद्देमालाकडे पाहिलं नाही. त्या महिन्याच्या तक्त्यात माझ्या नावापुढे दोषसिद्धी फार कमी होत्या. पंचाला मी विचारलं, "हीच ती मोटार का?" तो हो म्हणाला. हा पंच ठाण्यासमोर चहा विकायचा आणि मी त्याला तोवर पाच-सहा खटल्यांत तपासलेलं होतं. एक वर्ष सक्तमजुरी झाली.

अपील झालं. सत्र न्यायाधीशांनी मुद्देमाल मागवला, लेबल वाचलं आणि त्याला निर्दोष सोडलं. निकालात त्यांनी लिहिलं होतं की ही विसंगती न्यायालयाच्या नजरेस आणून देणं सरकार पक्षाचं काम होतं. माझं नाव नव्हतं. तोवर पोरगा उरलेली शिक्षा भोगून घरी जाऊन तीन महिने झाले होते.

मी खोटं बोलले नव्हते. फक्त एक कागद उलटा ठेवला होता. १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकमचंद हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यात सरकारी वकिलाचं काम काहीही करून शिक्षा लावून घेणं हे नाही, आरोपीच्या बाजूचं जे असेल तेही त्याने कोर्टापुढे ठेवलं पाहिजे, असं स्वच्छ म्हटलं आहे. मी तो निकाल बाररूममध्ये वाचला आणि उठून बाहेर पिंपळापाशी जाऊन उभी राहिले. तिथे दुसऱ्याच कुणाची तरी बायको बसली होती.

न्यायाधीशाच्या परीक्षेचा अर्ज मी त्याच वर्षी भरला. लोकांना वाटलं बढतीची हौस. घरच्यांनाही मी खरं कारण सांगितलं नाही.

२००० मध्ये दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी अशी लांबलचक नेमणूक हाती आली. डायस जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असतो. सरकारी वकिलाच्या टेबलापासून तो दहा पावलांवर. मला ती दहा पावलं चालायला दोनेक वर्षं लागली. सरकारी वकील प्रश्न चुकीचा विचारतो आहे असं दिसलं की माझ्या जिभेवर बरोबर प्रश्न तयार. न्यायाधीशाला साक्षीदाराला कुठलाही प्रश्न विचारता येतो, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या १६५ व्या कलमात तसा अधिकार होता. मी तो सढळ हाताने वापरू लागले. एके दिवशी बारमधले एक वयस्कर वकील उभे राहिले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "मॅडम, आज सरकारतर्फे दोन वकील आहेत का, एवढं सांगावं म्हणजे मी तशी तयारी करतो."

मी काही बोलले नाही. त्या रात्री माझीच नोंदवलेली साक्ष पुन्हा वाचली. माझे अकरा प्रश्न होते आणि त्यातले दहा खटला सावरून घेणारे. दुसऱ्या दिवशी चेंबरमध्ये बोलावून मी त्यांचे आभार मानले. त्यानंतर दोन्ही बाजूंचे प्रश्न संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं. फक्त एकाच प्रकारचा प्रश्न मधे विचारायची मुभा स्वतःला ठेवली, शब्द कळला नाही तर. कोणाचा बुढा?

गप्प बसल्यावर जे ऐकू येतं ते टेबलाशी बसून ऐकू येत नव्हतं. साक्षीदार फितूर होतो तेव्हा तो बहुतेक वेळा आरोपीकडे पाहत नाही, दाराकडे पाहतो. पढवलेला साक्षीदार पंचनाम्यातली भाषा बोलतो. शेतमजूर बाई जर म्हणाली की मी घटनास्थळी हजर होते, तर तिला कुणीतरी ते शिकवून आणलं आहे. ती खरोखर तिथे असती तर म्हणाली असती, "म्या तठीच व्हती." म्हणून ती खोटंच बोलते असं मात्र नाही. खरं पाहिलेल्या माणसालाही आदल्या रात्री कुणीतरी नीट बोल म्हणून बजावलेलं असतं.

पुरावा संपला की आरोपीचा जबाब घेतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१३, आता १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं ३५१. शेवटच्या वर्षात मला सगळे आकडे नव्याने घोकावे लागले. पुराव्यात जे जे विरुद्ध आलं ते त्याला विचारायचं आणि त्याचं म्हणणं लिहायचं. ही त्या माणसाची न्यायाधीशाशी थेट बोलण्याची जवळजवळ एकमेव वेळ. आणि तीच सगळ्यात यांत्रिक होऊन बसली आहे. चार ओळींचा छापील प्रश्न, त्यावर शिकवलेलं 'खोटं आहे'. मी प्रश्न तोडून छोटे करू लागले आणि त्याच्या बोलीत विचारू लागले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यावर हाड मोडल्याचा आरोप होता. पाचव्या प्रश्नाला तो म्हणाला, "हाव बाई, काठी म्याच मारली. पण त्यानं माह्या बायकोचा हात धरला व्हता, हे कोणी लेहलंच नाही." त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. मी कागद पुन्हा चाळले. बायकोच्या दंडावरच्या खरचटल्याची नोंद दवाखान्याच्या कागदात होती, कुणी तिकडे पाहिलं नव्हतं. त्याला शिक्षा झाली, पण अचानक चिथावणीच्या कलमाखाली, बरीच हलकी.

२०१३ मध्ये जिल्हा न्यायाधीश झाले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दीपक अगरवाल यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की सरकारी नोकरीतला अभियोक्ताही वकीलच आहे, तो थेट जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेला बसू शकतो. मला वाट लांबून काढावी लागली, याचं दुःख नाही. खालच्या कोर्टातली ती तेरा वर्षं नसती तर सत्र न्यायालयाच्या खुर्चीत मी काय केलं असतं, या विचाराने आजही धास्ती वाटते.

सत्र न्यायालयातलं एक प्रकरण मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाविशीची सून जळाली. इस्पितळात आणल्या आणल्या तिने पोलिसांना सांगितलं की स्टोव्हचा भडका उडाला. दुसऱ्या दिवशी कार्यकारी दंडाधिकारी म्हणून आलेल्या नायब तहसीलदारांनी जबाब घेतला. त्यात सासूने रॉकेल ओतलं आणि नवऱ्याने काडी लावली असं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. मधल्या काळात तिची आई येऊन पोहोचली होती.

एकट्या मृत्यूपूर्व जबाबावर जन्मठेप देता येते. मरणारा माणूस खोटं बोलणार नाही, असं कायदा धरून चालतो. महाराष्ट्रातल्याच लक्ष्मण यांच्या खटल्यात २००२ मध्ये घटनापीठाने सांगितलं की जबाब देणारी व्यक्ती शुद्धीवर आहे अशी जबाब घेणाऱ्याची खात्री असेल, तर डॉक्टरचा दाखला नाही म्हणून तो फेटाळता येत नाही. इथे तर दाखलाही होता. अडचण वेगळीच होती. दुसऱ्या जबाबात शब्द होते, 'माझ्या अंगावर ज्वलनशील पदार्थ टाकण्यात आला'.

चौथी शिकलेली, खेड्यातली, अंगभर भाजलेली पोरगी. तिच्या तोंडी ज्वलनशील पदार्थ? उलटतपासात नायब तहसीलदारांनी प्रामाणिकपणे कबूल केलं की शब्द त्यांचे आहेत, ती काय म्हणाली ते नेमकं आठवत नाही. खोलीत तिची आई होती का, तेही आठवत नाही. जबाब शब्दशः असलाच पाहिजे असा नियम नाही. पण दोन जबाब एकमेकांच्या उलट, मधे माहेरची माणसं आलेली, आणि ज्या जबाबावर शिक्षा होऊ शकते त्यात तिचा म्हणावा असा एक शब्द नाही. दुसरा पुरावा उभा राहिला नाही. मी तीन आठवडे ते कागद घरी नेले. शेवटी संशयाचा फायदा देऊन दोघांना सोडलं.

निकालानंतर मी मागच्या दाराने गाडीकडे निघाले. त्या मुलीची आई तिथे उभी होती. आरडाओरडा नाही. हात जोडून तिने विचारलं, "बाई, माही पोरगी खोटं बोलली का?"

न्यायाधीशाने निकालाबद्दल बोलायचं नसतं. मी बोलले नाही. गाडीत बसले. पण उत्तर मला माहीत होतं आणि ते इथे लिहिते: नाही, मला आजही वाटतं ती खरंच बोलली असावी. तिचं बोलणं माझ्यापर्यंत पोहोचलं नाही. ते वाटेत कुणीतरी शुद्ध करून टाकलं होतं. मी दिलेला निकाल कायद्याने बरोबर होता आणि आज पुन्हा बसवलं तर पुन्हा तोच देईन. त्या बाईला मात्र मी त्या दिवशी उत्तर देणं लागत होते.

यानंतर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची प्रशिक्षणं असली की मी आवर्जून जायची आणि एवढंच सांगायची, जसं बोलली तसं लिहा. तिने घासलेट म्हटलं तर घासलेट लिहा.

मुलांच्या साक्षी २०१२ च्या पोक्सो कायद्याने थोड्या माणसात आणल्या. त्यात वकिलांनी मुलाला थेट विचारायचं नसतं. प्रश्न न्यायाधीशाकडे द्यायचा आणि न्यायाधीशाने विचारायचा. एका नऊ वर्षांच्या मुलीसाठी वकिलांनी लिहून दिलं, घटनास्थळी किती वाजता पोहोचलीस. मी खाली तिच्या खुर्चीशेजारी बसले होते. विचारलं, "तू तिथं गेली तेव्हा शाळा सुटली होती की मधली सुट्टी होती?" ती म्हणाली, "खिचडी झाली व्हती." चार शब्दांचं उत्तरही नाही, पण त्याने खटल्यातला वेळेचा अख्खा वाद मिटवला, कारण खिचडी कधी वाढतात ते शाळेच्या रजिस्टरात होतं.

मराठीत निकाल मी उशिरा लिहायला लागले, याची खंत आहे. १९९८ च्या जुलैत राज्याने अधिसूचना काढून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी केली. पण सगळे संदर्भ इंग्रजीत, अपिलात वरचं काम इंग्रजीत, टंकलेखकाचा हात इंग्रजीवर बसलेला. मीही सवयीने इंग्रजीतच सांगत राहिले. पहिला मराठी निकाल दिला तो एका धुऱ्याच्या अपिलात. हरलेल्या माणसाने तो बाहेर ओट्यावर बसून दुसऱ्याकडून वाचून घेतला. मी चेंबरच्या खिडकीतून पाहत होते. मधे एका जागी त्याने वाचणाऱ्याला थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं, आणि मान हलवली. कबूल होतं की नाही, कळलं नाही. पण त्याला समजलं होतं. बाबा तोवर जाऊन अकरा वर्षं झाली होती.

माझ्या शेवटच्या दिवशी बारने दुपारी निरोप ठेवला होता. सकाळी बोर्डावर एक साक्ष होती. साक्षीदार गुराखी, सत्तरीच्या पुढचा, खांद्यावर दुपट्टा. भांडण त्याने ढोरं सोडतानाच पाहिलं होतं.

"किती वाजता?" वकिलांनी विचारलं.

"दिवस कासराभर वर आला व्हता."

"घड्याळात किती वाजले होते?"

"घड्याळ नाही साहेब माह्यापाशी."

सरकारी वकील, तरुण मुलगी, उठून म्हणाली की साडेसात लिहावेत. बचावाचे वकील म्हणाले, नऊच्या आत काही नाही. दोघांनाही आपापल्या सोयीची वेळ हवी होती, आणि साक्षीदाराने दोन्ही सांगितल्या नव्हत्या. मी त्याला म्हटलं, "बाबा, दिवस कुठं होता ते हातानं दाखवा." त्याने पिंजऱ्यातून पूर्वेच्या खिडकीकडे पाहिलं, उजवा हात लांब केला आणि खांद्याच्या थोडा वर नेऊन थांबवला. "तुरी फुलावर व्हत्या तवा," तो आपणहून म्हणाला, "लोणीची जत्रा व्हायची व्हती."

स्टेनो कोकणातला. त्याने हळूच विचारलं, "मॅडम, कासरा म्हणजे?"

"बैल हाकायचा दोर."

"मग वेळ काय टाकू?"

मी म्हटलं, त्यांनी सांगितलं तेच. दिवस कासराभर वर आला होता, असं लिहा. खाली लिहा, साक्षीदाराने हात खांद्याच्या किंचित वर धरून दाखवला. तुरी फुलावर होत्या. लोणीची यात्रा व्हायची होती. खटला पुढच्या न्यायाधीशांकडे जाणार होता, काय मानायचं ते त्यांनी ठरवायचं. साक्ष वाचून दाखवली. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हाव, असंच व्हतं." त्याने अंगठा उठवला, मी खाली सही केली, आणि पट्टेवाल्याने पुढचा पुकारा केला.